पिंप, पखाल आणि तोटी

मागच्या महिन्यात आमच्या घरी एक प्रोजेक्ट झाला. क्लायंट: आजी. वय ८१. रिक्वायरमेंट: उजवं मनगट प्लास्टरमध्ये असताना पिंपातून पाणी काढता आलं पाहिजे. बजेट: 'उगाच पैसे घालवू नकोस'. डेडलाइन: कालच.

पार्श्वभूमी सांगतो. आम्ही राहतो पापडीला. वसई रोड स्टेशनहून किल्ल्याकडे जायला निघालात की वाटेत लागतं ते. पाण्याच्या बाबतीत आमच्या पिढीचे हाल आधीच्या पिढीपेक्षा बरेच कमी, तरी घरात शंभर लिटरचं एक पिंप भरून ठेवायची सवय काही गेलेली नाही. नळाला पाणी असलं तरी पिंप भरलेलं हवं. रिकामं पिंप दिसलं की आजीला झोप लागत नाही. तर त्या पिंपात वरून तांब्या बुडवायचा, हा तिचा वर्षानुवर्षांचा प्रघात. मनगट मोडल्यावर ते बंद झालं. भरलेला तांब्या पिंपातून वर ओढून काढणं म्हणजे काय दिव्य असतं ते तेव्हा मला कळलं.

मी इंजिनीअर. डिग्री मेकॅनिकलची, नोकरी आयटीतली, म्हणजे गेली सहा वर्षं हाताला ग्रीस लागलेलं नाही. म्हटलं, पिंपाला खाली एक कॉक बसवून टाकू, हाय काय नि नाय काय! शनिवारी सकाळी पापडीच्या नाक्यावरून टँक निपल, दोन रबरी वायसर, चेकनट, पांढरी टेप आणि अर्ध्या इंचाचा कॉक आणला. आणि जुनं पिंप कशाला, म्हणून घट्ट झाकणाचं नवं निळं पिंपही आणलं. डेंग्यूचे दिवस, डास जायला नकोत. भोक पाडलं, कॉक बसवला, पिंप भरलं, झाकण आवळलं. एक थेंब गळला नाही. कॉलर ताठ.

कॉक उघडला. लिटरभर पाणी झकास आलं. मग धार बारीक झाली. मग भुक्... भुक्... आणि नुसती टिपटिप.

पुढचे दोन तास मी तो कॉक चार वेळा खोलला. कचरा अडकला असेल, वायसर आडवा आला असेल, दुकानदारानं फसवलं असेल. काही सापडेना. शेवटी उत्तर मिळालं, पण मला नाही. ते नंतर सांगतो. त्या दोन तासांत आणि त्यानंतरच्या दोन वीकेंडना मी एवढंच शोधत बसलो: हलवता येणाऱ्या भांड्यातून पाणी खालून काढायचं, ही एवढीशी गोष्ट माणसानं आजवर कशी कशी सोडवली?

सुरुवात शब्दापासून. 'पिंप' हा शब्द आपला नाही. पोर्तुगीज 'पिपा', म्हणजे दारूचं लाकडी पीप. त्याचंच मराठीत पीप आणि पिंप झालं. 'बालदी'सुद्धा त्यांच्या 'बाल्दे'वरून, आणि 'चावी' त्यांच्या 'शाव्ह'वरून. मुंबईत रोज पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला अजून 'चावीवाला' म्हणतात, तो हाच शब्द. १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. दोनशे वर्षांच्या शेजारात भांड्याचं नाव आलं, किल्लीचं नाव आलं, पण गंमत बघा, तोटीला त्यांच्याकडे 'तोर्नेइरा' म्हणतात, तो शब्द मराठीत काही शिरला नाही. तोटी ती तोटीच राहिली.

लाकडी पिपाची तोटी म्हणजे मोठी साधी करामत. एक आडवी नळी, तिला मधोमध वरून खाली निमुळतं भोक, आणि त्यात बसणारी तशीच निमुळती खुंटी. खुंटीलाही आरपार भोक. खुंटीचं भोक नळीच्या रेषेत आलं की पाणी चालू, पाव फेरा फिरवला की बंद. रोमन लोक याच तत्त्वावरचे काशाचे कॉक वापरत. पाँपेईच्या उत्खननात ते सापडलेत. निमुळत्या आकारात खरी मेख आहे. घासून घासून खुंटी झिजली तर ती जराशी खाली बसते आणि पुन्हा घट्ट होते. झीज धरूनच केलेलं डिझाइन! आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हे असं कोणी करत नाही :-)

हीच तोटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आजोळच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. मधोमध निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी, वरून थंड पाणी ओतायचं आणि खालच्या पितळी तोटीतून कढत पाणी काढायचं. ती तोटी म्हणजे तीच निमुळती खुंटी. तिच्यात ना रबर, ना वायसर. कढत पाण्यानं बिघडण्यासारखं तिच्यात काही नव्हतंच. थोडी गळायला लागली की काढायची, पुसायची, पुन्हा ठोकून बसवायची.

पण आपल्याकडची माझी सर्वात आवडती डिझाइनं दोन, आणि दोन्हींत तोटीच नाही.

पहिली पखाल. रेड्याच्या किंवा बैलाच्या पाठीवर चामड्याची मोठी पिशवी. माणसाच्या खांद्यावर घ्यायची छोटी ती मशक. तोंड दोरीनं आवळलेलं किंवा मुठीत धरलेलं. मूठ सैल केली की धार, आवळली की बंद. म्हणजे व्हॉल्व्ह म्हणजे पखालजीचा हात. यातली खुबी अशी की पाणी कमी होत जाईल तशी पिशवी चेपत जाते. आत हवा जायची गरजच नाही. धार एकसारखी, भुक् भुक् नाही. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळानं मुंबईत यायला लागायच्या आधी शहराची तहान भागवणाऱ्यांत विहिरी आणि तलावांबरोबर हे पखालजी आणि भिस्तीही होते.

दुसरी मोट. शाळेत चित्र पाहिलेलं असतं, पण ती कशी चालते हे मला परवापर्यंत नीट माहीत नव्हतं. सोंडेची मोट म्हणजे चामड्याचा मोठा डोल, ज्याला खाली हत्तीच्या सोंडेसारखी लांब नळी असते. नळीला बूच नाही, झडप नाही. दोन दोर: जाड नाडा मोटेला, बारीक सोंदूर सोंडेच्या टोकाला. बैल धावेवरून उतरताना दोन्ही दोर एकदम ओढले जातात आणि सोंड वर दुमडलेली राहते. सोंडेचं टोक पाण्याच्या पातळीच्या वर आहे तोवर एक थेंब सांडत नाही. मोट विहिरीच्या काठाशी आली की सोंदूर खालच्या रहाटीवरून गेल्यामुळे सोंड थारोळ्याकडे ओढली जाते आणि आडवी होते, आणि सगळं पाणी आपोआप भडाभडा पाटात. हाकणारा लांब बैलांपाशी आहे, तो मोटेला हातही लावत नाही. पाणी आपली पातळी सोडत नाही, एवढ्या एका नियमावर उभा केलेला ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह! आमच्या वसईत बावखलांवर रहाट चालायचे, मोट ही जास्त करून देशावरची. तिकडच्या मित्रांनी आपल्या आजोबांना विचारून बघा. हे सांगू शकणारी माणसं आता कमी होत चाललीत.

या पखाली आणि मोटा शिवल्या कोणी? चामडं कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या जातींनी. ज्यांच्या हातांनी पाण्याची पिशवी बनली, त्या हातांना गावच्या पाणवठ्याला शिवायची बंदी होती. इथून पुढे मी जे वाचलं त्यानं मजा जरा उतरली.

१८४५ मध्ये इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्यानं स्क्रूच्या तोटीचं पेटंट घेतलं. मूठ फिरवली की आटे खाली उतरतात आणि वायसर भोकावर दाबला जातो. नळाच्या पाण्याला दाब असतो, तिथे निमुळती खुंटी टिकत नाही, शिवाय झटकन बंद केली तर पाइपात धक्का बसतो. स्क्रू हळूहळू बंद होतो. तोपर्यंतची सगळ्यात यशस्वी तोटी, आणि तिचा वायसर चामड्याचा. तीच तोटी आपल्याकडे आली आणि सोवळ्यातल्या घरांत प्रश्न पडला: चामड्याला शिवून आलेलं पाणी देवाला कसं चालायचं? कित्येक घरांत पुढे बराच काळ पूजेला आणि स्वयंपाकाला विहिरीचंच पाणी लागायचं. वायसर केवढा, तर रुपयाएवढा. वाद केवढा!

त्याच तोटीची दुसरी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. शाळेत इतर मुलं तहान लागली की मास्तरांना विचारून नळावर जात, तोटी उघडत, पाणी पीत. लहान भीमरावाला तोटीला हात लावायची परवानगी नव्हती. शिपायानं तोटी उघडली तरच पाणी. शिपाई जागेवर नसेल तर तहानेला तसंच राहायचं.

मी हे कॉलेजात असताना वाचलं होतं, पण तेव्हा पुढे सरकलो होतो. या वेळी हातात कॉक असताना वाचलं. इंजिनीअर म्हणून बघा: तोटीचा सगळा फायदा हा की पाण्याला हात न लावता पाणी मिळतं. विहिरीत पोहरा बुडतो, पिंपात तांब्या बुडतो, तोटीत काहीच बुडत नाही. विटाळ मानणाऱ्याच्या स्वतःच्या तर्कानं बघितलं तरी इथे पाणी बाटायचा प्रश्न उरत नाही. तरी मनाई होती. म्हणजे अडचण पाण्याची नव्हतीच. तोटी कोणी फिरवायची, हुकूम कोणाचा, हा प्रश्न होता. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. कागदावर खुले झाले, प्रत्यक्षात नाही. म्हणून २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर हजारो माणसांना स्वतः जाऊन ओंजळीनं पाणी प्यावं लागलं. हार्डवेअर कितीही चांगलं असो, ॲक्सेस कोणाला हे दुसरंच कोणी ठरवतं. आमच्याकडे त्याला परमिशन म्हणतात आणि आम्ही त्यावर दिवसभर तक्रारी करतो. तिथे प्रश्न घोटभर पाण्याचा होता.

असो. पाण्यात काही बुडू नये, ही कल्पना मात्र खरी मोलाची आहे. जातीसाठी नव्हे, जंतूंसाठी. आपल्या जुन्या घरांत माठावर ओगराळं असायचं, लांब दांड्याचं, म्हणजे बोटं पाण्याला लागत नाहीत. ते अर्धं उत्तर. १९८० च्या दशकात कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये एक प्रयोग झाला. कॉलऱ्याचा रुग्ण निघालेल्या काही घरांना पाण्यात टाकायला क्लोरीन दिलं, आणि काहींना फक्त सुरई, बारीक गळ्याची, जिच्यात हात जाऊच शकत नाही. दोन्हींचा फायदा जवळपास सारखाच निघाला. औषध नाही, यंत्र नाही, फक्त भांड्याचा गळा! १९९३ मध्ये मलावीतल्या निर्वासितांच्या छावणीत असंच झालं. वर हात जाणार नाही एवढं तोंड आणि ओतायला चोच असलेल्या बादल्या वाटल्या. त्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांचे जुलाब सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाले. १९९१ मध्ये पेरूपासून दक्षिण अमेरिकेत कॉलरा पसरला, त्यानंतर तज्ज्ञांनी घरातल्या पाण्याच्या भांड्यासाठी जे नियम सांगितले ते थोडक्यात असे: वीसेक लिटर, धरायला मूठ, बसायला सपाट बूड, अरुंद तोंड, झाकण, आणि खाली तोटी. लग्नाच्या हॉलबाहेर आणि प्रत्येक ऑफिसच्या कोपऱ्यात ठेवलेला थंड पाण्याचा जार आठवतोय? फक्त त्याची तोटी कोणी कधी धुतं का, हे विचारू नका.

आता माझ्या भुक् भुक् कडे. दोन तास मी जमिनीवर बसून कॉक उलटापालटा करत होतो. आजी खुर्चीतून बघत होती. शेवटी म्हणाली, "अरे, रॉकेलच्या डब्याला एक भोक पाडून कधी चाललंय का? दोन लागतात. एक रॉकेलला, एक हवेला."

मी उठलो आणि पिंपाचं झाकण सैल केलं. स्स्स करून हवा आत गेली आणि धार पहिल्यासारखी सुरू. आपल्याकडे म्हण आहेच, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. झाकणाचा रोग आणि मी कॉकला औषध देत होतो.

हिशोब नंतर केला. पिंपात पाणी ६० सेंटिमीटर, कॉक बुडापासून ५ सेंटिमीटरवर, म्हणजे वर ५५ सेंटिमीटर पाण्याचा दाब. हा वातावरणाच्या दाबाच्या साधारण पाच-साडेपाच टक्के. घट्ट झाकणाखाली वीसेक लिटर हवा अडकली असेल, तर तेवढी हवा पाच-सहा टक्के फुगली की दाब सारखा होतो. वीस लिटरच्या पाच-सहा टक्के म्हणजे लिटरभर. बरोबर लिटरभर पाणी आल्यावरच धार अडखळली होती! आजीनं न मोजता सांगितलं, मला कॅल्क्युलेटर लागला.

हीच गोष्ट मोठमोठ्यांना वेगवेगळ्या वाटांनी सुटली. जर्मनांनी १९३७ मध्ये सैन्यासाठी वीस लिटरचा जो पेट्रोलचा डबा केला, त्यात ओतताना हवा आत जावी म्हणून तोंडाशी वेगळी बारीक नळी ठेवली. तीन मुठी, म्हणजे एका हातात दोन रिकामे डबे नेता येतात. ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे वाळवंटात गळायचे, म्हणून त्यांनी शत्रूच्याच डब्याची नक्कल केली. जर्मनांना ते 'जेरी' म्हणत, म्हणून तो जेरीकॅन. दुसरी वाट ऑस्ट्रेलियाची. १९६५ मध्ये टॉमस अँगोव्ह या वाइनवाल्यानं खोक्यातल्या पिशवीत वाइन विकायचं पेटंट घेतलं. त्याला तोटी नव्हती. कोपरा कापायचा, ओतायचं आणि चिमटा लावायचा. १९६७ मध्ये पिशवीलाच चिकटवलेली प्लास्टिकची तोटी आली आणि ते खोकं जगभर गेलं. पिशवी चेपत जाते, हवा आत जात नाही, वाइन बिघडत नाही. ओळखीचं वाटतंय ना? पखाल! आपल्याकडे रेड्याच्या पाठीवर होती, त्यांनी खोक्यात घातली.

तर प्रोजेक्टचं शेवटचं व्हर्जन असं. झाकणाला एक छोटं भोक, त्यावर बारीक जाळी, म्हणजे हवा जाते, डास जात नाही. पिंप दोन विटांवर, म्हणजे कॉकखाली तांब्या बसतो. कॉक बुडापासून ५ सेंटिमीटर वर असल्यानं खाली आठेक लिटर पाणी उरतं. आधी ती चूक वाटली, पण गाळ तिथेच बसतो, तेव्हा ते फीचर आहे असं जाहीर केलं. पिंप भरलेलं असताना तांब्या पाच-सहा सेकंदांत भरतो, तळाला आलं की दुप्पटीहून जास्त वेळ लागतो, कारण धार पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे कमी होते. हे सतराव्या शतकात तोरिचेल्ली नावाच्या इटालियनानं सांगून ठेवलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं: गोल फिरवायच्या मुठीचा कॉक काढून लांब दांडीचा बसवला. तो मूठ न वळता, हाताच्या मागच्या बाजूनं ढकलूनही उघडतो. प्लास्टरमधल्या हातानं.

पाण्याची तोटी कोणाच्या हातात, हा प्रश्न वसईला नवा नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इथल्या विहिरींचं पाणी टँकरनं उपसून बाहेर जायला लागलं, विहिरी खारट होऊ लागल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हरित वसई'ची चळवळ उभी केली. फादर २०२४ च्या जुलैमध्ये गेले. आजी त्या काळातल्या गोष्टी सांगते तेव्हा मला कळतं की रिकामं पिंप बघून तिला झोप का लागत नाही.

प्लास्टर गेल्या आठवड्यात निघालं. म्हटलं, आजी, आता झाकण काढून पूर्वीसारखा तांब्या बुडवलास तरी चालेल. तर म्हणाली, "नको. आता बरं आहे. कोणाला हाक मारावी लागत नाही."

क्लायंट साइन-ऑफ मिळाला :-) भेटू पुढच्या शनिवारी.